एकदाच विचारावे

अंबिकानं डबा टेबलावर ठेवला, झाकण काढलं आणि तो उचलून थेट शालनबाईंच्या नाकासमोर धरला. आत भात होता, बोंबलाचं कालवण होतं, कडेला कैरीची एक फोड होती. सगळं जसंच्या तसं थिजून गेलं होतं.

“हे बगा बाई. काल रातचा हाय. हात पन लावला न्हाय तिनी.”

“बाहेरून काही खाऊन आली असेल गं.”

“भाईर? ती भाईर कवा जाते? आली त्याला बावीस दिस झाले, दार लावून बसलीय. मी बोलली, जेव गो. ती बोलली, नको. मी बोलली, तुज्यासाटी केलाय, दोन घास तरी खा. तं काय बोलते म्हाईत हाय? ‘आई, मी एकदा सांगितलं ना, नको.’ आसा हलू. राग न्हाय, काय न्हाय. आन् वर थँक्यू बोलली.” अंबिकाचा आवाज चिरकला. “थँक्यू, बाई! आयशीला!”

ही अंबिका भाईंदर पश्चिमेच्या बाजारात पंचवीस वर्षं मासळीची पाटी लावून बसलेली. पाठ फिरवून गेलेल्या गिऱ्हाइकाला ती नुसत्या आवाजानं माघारी आणत असे. तो आवाज आज पार बसला होता. शालनबाईंनी खुर्ची पुढे केली, तरी ती जमिनीवरच बसली. खालच्या मजल्यावर पिठाची गिरणी चालू होती आणि फरशी बारीक थरथरत होती.

“तिथे काय झालं, काही बोलली का?”

“इचारला ना. बोलते, ‘सगलं चांगलं होतं, ॲडजस्ट झालं.’ येवढाच. बाई, तुमी न्हेली तिला. तुमीच बोलला, पोर चार मानसांत बोलाला शिकंल. आता तुमीच माजी पोर मला आनून द्या.”

रसिकाला त्यांनीच पाठवलं होतं, हे खरंच होतं. गोडदेवातल्या या गिरणीवरच्या दोन खोल्यांत त्यांची ‘शेजार’ नावाची संस्था होती. संध्याकाळी वस्तीतल्या मुलांची अभ्यासिका चाले, आणि गेली सहा वर्षं परदेशातली तरुण मुलं इथे सेवेसाठी येऊन राहत. पाच देशांतल्या पाच संस्थांनी मिळून हे जुळवलं होतं. इतकी वर्षं तिकडची मुलं इकडे आली. इकडून तिकडे जाणारी पहिली मुलगी म्हणजे अंबिकाची रसिका. फिनलंडमधल्या एका छोट्या गावात, वृद्धांच्या निवासात, सप्टेंबर ते मे. एकवीस वर्षांची पोर पहिल्यांदा विमानात बसली, तेव्हा शालनबाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

“आज तीन वाजता त्या लोकांशी मीटिंग आहे,” त्या म्हणाल्या. “मी विचारते. काय झालंय ते काढून घेते आणि संध्याकाळी स्वतः घरी येते. तिला बोलती करते की नाही बघ.”

अंबिकानं डब्याला झाकण लावलं. जाताना ती उंबऱ्यापाशी थांबली.

“लानपनी तुमच्या बालवाडीत होती तवा कशी चुरुचुरु बोलाची, बाई,” ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

शालनबाईंनी कपाटातून फाइल काढली. मिर्यानं, म्हणजे तिकडच्या संस्थेच्या बाईंनी, दर महिन्याला एक अहवाल पाठवला होता. आठही अहवालांत एक वाक्य हमखास असे: रसिका फार स्वतंत्र आहे, तिला आमची मदत क्वचितच लागते. शालनबाई ते वाक्य अंबिकाला मराठीत करून सांगत. ‘स्वावलंबी झाली हो तुझी लेक,’ असं सांगताना त्यांना स्वतःलाच गोड वाटे. रसिकाचे मेसेजही होते. ठीक आहे बाई. ॲडजस्ट झालंय. आपल्याकडे ॲडजस्ट झालं म्हणजे मुकाट्यानं गिळलं, हे काय त्यांना माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. पण कानाला बरं वाटणारं ऐकायची सवय लागली की माणूस खोलात जात नाही. शालनबाईही गेल्या नाहीत.

पावणेतीनला कृतिका आली. संस्थेचा सगळा इंग्रजी पत्रव्यवहार ती सांभाळी आणि मीटिंगमध्ये दुभाषाचं कामही तीच करी. शांती नगरहून रिक्षानं येईपर्यंत तिचा चेहरा उन्हानं लाल झाला होता. लॅपटॉप उघडून ती पहिल्यांदा खिडकीतून खाली वाकली.

“गुणवंतभाई! एक घंटा बंद रखो ना, मीटिंग है!”

“अरे बेन, शादी का ऑर्डर है,” खालून गिरणीवाल्याचा आवाज आला. “किससे मीटिंग? मिर्चीबेन से?”

“हां, उन्हींसे.”

“तो ठीक है. आधा घंटा.”

गिरणी थांबली. पडद्यावर एकेक चौकोन उजळला. मिर्या मधल्या चौकोनात होती, मागे खिडकी आणि खिडकीत पांढऱ्या खोडाची झाडं. पन्नाशीची बाई, आखूड कापलेले केस, डोळ्यांत सच्चेपणा. तिनं हात हलवून “नमस्ते शालन” म्हटलं. सहा वर्षांत ती हे एकदाही विसरली नव्हती.

आजचा विषय आधीच कळवलेला होता: दुसऱ्यांच्या अनुभवातून शिकून आपण आपल्याकडे काय बदललं? असल्या विषयांवर शालनबाई एरवी मान डोलवत बसत आणि कृतिका काय ते बोले. आज त्या खुर्चीच्या कडेला येऊन बसल्या. मिर्या म्हणाली, आधी मी सांगते, कारण मला ‘शेजार’चे आभार मानायचे आहेत.

“आभार?” शालनबाईंनी कृतिकाकडे पाहिलं.

मिर्यानं पडद्यावर एक पान दाखवलं. ते पान शालनबाईंना पाठ होतं. पाचही संस्थांनी मिळून जी पुस्तिका काढली होती तिचं एकोणिसावं पान. त्याचीच झेरॉक्स या खोलीच्या भिंतीवर चिकटवलेली होती. एका चौकटीत दोन ओळी: एकदाच विचारावे. मिळालेल्या उत्तराचा मान राखावा. खाली बारीक अक्षरांत: शेजार, मीरा-भाईंदर.

या दोन ओळींमागे आयनो होती. दोन वर्षांपूर्वी मिर्याच्याच संस्थेनं पाठवलेली मुलगी, उंच, लाजाळू, पांढरीफटक. वस्तीतल्या बायका तिला ‘आयना’ म्हणत आणि तिला खायला घालण्यात त्यांची चढाओढ लागे. ती “नो, थँक्यू” म्हणे, की पानात आणखी दोन तुकड्या. तिनं ताटावर हात आडवा धरला, तर अंबिकानं बोटांच्या फटीतून तळलेला बोंबील सरकवला होता आणि सगळ्याजणी पोट धरून हसल्या होत्या. शालनबाईही हसल्या होत्या. त्यात वाईट काय होतं? इथे पहिला नको कुणी मोजत नाही. दुसऱ्या नकोनंतर माणूस जरा सैल होतो, तिसऱ्याला हात पुढे येतो. पहिल्याच खेपेला हो म्हणणारा हावरट ठरतो, आणि पहिल्याच नकोवर थांबणारा कंजूष. आयनोला हे कुणी सांगितलं नाही. परत गेल्यावर तिनं फॉर्मात लिहिलं, ‘सहा महिन्यांत मी शंभर वेळा नाही म्हटलं. एकदाही कुणी ऐकलं नाही.’ कृतिकानं ते वाचून दाखवलं तेव्हा शालनबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पाहुणी पोर आपल्या दारात सहा महिने गुदमरत राहिली आणि आपण तिला वाढत होतो. त्या रात्रभर जागल्या आणि सकाळी दीड पान लिहून काढलं. त्यात सगळं होतं. आग्रह म्हणजे काय, नको म्हटलं तरी कसं तीनदा विचारायचं असतं, आणि यापुढे परदेशी पाहुण्यांना आम्ही एकदाच विचारू, ही कबुली.

दीड पानातून पुस्तिकेत उतरल्या त्या दोन ओळी. खाली संस्थेचं नाव छापलेलं पाहून शालनबाईंना बाकीचं कुठे गेलं, हे विचारायचं सुचलंही नाही. त्यांनी झेरॉक्स काढून भिंतीवर लावली.

मिर्या बोलत होती आणि कृतिका तिच्यामागून हळू आवाजात मराठी करत होती.

“ती म्हणतेय, आधी आम्हाला वाटायचं की मुलींना सारखं विचारत राहणं म्हणजे काळजी. आयनोच्या अनुभवानंतर आम्ही तुमचा नियम घेतला. रसिकाच्या वेळी तो काटेकोर पाळला. तिला कुठेही जबरदस्ती वाटली नाही. आठ महिन्यांत एकही तक्रार नाही. आत्तापर्यंतचं आमचं सगळ्यात यशस्वी...”

“कृतिका,” शालनबाई मध्येच म्हणाल्या. “तिला विचार, पाळला म्हणजे काय केलं?”

कृतिकानं विचारलं. मिर्या खूश झाली, तिला ही उत्सुकता वाटली. ती शिस्तीची बाई होती आणि तिच्याकडे तक्ता होता. तिनं तो वाचायला घेतला. सात सप्टेंबर, आमच्या घरी रविवारचं जेवण. रसिका म्हणाली, नको, थँक्यू. दहा सप्टेंबर, सौनाची वाफ घ्यायला. नको. चौदा सप्टेंबर, रानात बेरी वेचायला. नको. वीस सप्टेंबर, चर्चमधल्या गाण्याच्या गटात. नको. प्रत्येक गोष्ट एकेकदा विचारली, उत्तर लिहून ठेवलं आणि कामावरच्या सगळ्यांना कळवलं, की तिला एकटं राहायला आवडतं, तिच्या मर्जीचा मान ठेवा.

“आणि नंतर?”

“नंतरचा रकाना रिकामा आहे,” कृतिका म्हणाली. तिचा आवाज आता पुरता खाली आला होता. “नंतर कुणी विचारलं नाही.”

“नाताळला?”

कृतिकानं विचारलं. मिर्यानं तक्ता पुन्हा पाहिला. घरी जेवायला यायचं सप्टेंबरमध्येच विचारून झालं होतं, म्हणून नाताळला परत विचारलं नव्हतं. शेजाऱ्यांनी केक दारात ठेवला होता. दार न वाजवता, म्हणजे तिला अवघडल्यासारखं व्हायला नको.

शालनबाईंना आठवलं ते ऑगस्टमधलं, याच खोलीतलं. रसिकाला जाण्यापूर्वी तीन दिवस त्यांनी तयार केलं होतं. स्वेटर, कागद, औषधं, आणि शेवटी रीतभात. ‘कुणी बोलावलं की लगेच हो म्हणून धावायचं नाही हं. आपण गरीब घरची माणसं म्हणून हपापल्यासारखं दिसू नये. आधी नको म्हणायचं. त्यांना मनापासून हवं असेल तर ते परत विचारतील.’ रसिकानं मान हलवली होती. बालवाडीत असल्यापासून तिनं बाईंचा शब्द खाली पडू दिला नव्हता.

म्हणजे मुलीला नको म्हणायला त्यांनी शिकवलं होतं, आणि मिर्याला त्या नकोवर थांबायलाही त्यांनीच. शालनबाईंनी पदराचं टोक हातात घेतलं आणि ते पिळत राहिल्या.

“सांग तिला,” त्या म्हणाल्या. “तो नको नव्हता. ती वाट बघत होती. परत विचारतील म्हणून वाट बघत होती.”

कृतिकानं सांगितलं. चौकोनांतले चेहरे थबकले. मिर्या आधी हसली, भाषांतरात काही चुकलं असेल अशा समजुतीनं. मग कृतिकानं पुन्हा, जास्त शब्दांत सांगितलं, आणि ते हसू हळूहळू मावळत गेलं. तिनं हातातला तक्ता खाली ठेवला. मग तिनं काहीतरी विचारलं.

“ती विचारतेय,” कृतिका म्हणाली, “मग नको म्हणजे खरंच नको, हे तिला कधी कळणार?”

“तिसऱ्यांदा.”

“आयनोनं शंभर वेळा म्हटलं होतं, असं म्हणतेय ती.”

मिर्या टोमणा मारत नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिचे डोळे लाल झाले होते आणि ते लपवायचा तिनं प्रयत्न केला नाही. चांगली बाई होती ती. तिच्यावर रागावता आलं असतं तर शालनबाईंना बरं वाटलं असतं, पण रागावायला तिनं काही जागाच ठेवली नव्हती. त्यांनी सांगितलं ते तिनं तंतोतंत केलं होतं.

पोर्तुगालच्या चौकोनातला एकजण घसा खाकरून म्हणाला की हा फारच मोलाचा अनुभव आहे, पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत घेऊ. आवृत्ती दोन वर्षांनी निघेल. शेजारनं लिहून पाठवावं.

“चाळीस शब्दांत,” कृतिका म्हणाली. मग पडद्याकडेच बघत तिनं विचारलं, “ताई, मागच्या वेळी पण चाळीसच शब्द मागितले होते. दीड पानातला पहिला भाग मी काढला. तुम्हाला दाखवलं होतं, आठवतंय?”

“आठवतंय. मीच म्हटलं, चालेल, जाऊ दे.”

गिरणी पुन्हा सुरू झाली. पडद्यावर ओठ हलत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. एकेक चौकोन विझत गेला. मिर्याचा शेवटी विझला.

भाईंदर पश्चिमेला पोचेस्तोवर पाच वाजले. खाडीच्या अंगाला, जुन्या वस्तीत अंबिकाचं घर. मेअखेरचं ऊन अजून तापत होतं आणि घरासमोर बांबूवर सुकत घातलेले बोंबील कडकडीत झाले होते. अंबिका बाजारात गेली होती. ओटीवर चपला काढून शालनबाई मागच्या खोलीच्या दाराशी आल्या आणि कडी वाजवली. वाटेत रिक्षात त्यांनी सगळं बोलणं जुळवून ठेवलं होतं. पोरीला कवटाळायचं, माफी मागायची, हाताला धरून बाहेर आणायची आणि आई येईपर्यंत ताटं वाढून ठेवायची.

दार उघडलं. रसिका बारीक झाली होती, पण आजारी दिसत नव्हती. केस नीट बांधलेले, कुर्ता इस्त्रीचा.

“बाई, तुम्ही? आई घरी नाहीये.”

“तुझ्याकडेच आलेय.”

रसिकानं मान हलवली. ती दारातच उभी राहिली. तिच्या खांद्यावरून शालनबाईंना आतली खोली दिसत होती. सुरकुती नसलेली चादर. खिडकीत एक ताट, एक कप, एक चमचा, धुऊन पालथे घातलेले. या घरात बारा माणसांची भांडी एका टोपलीत खडखडत असतात, त्यात हे तिघे वेगळे बसले होते.

“मिर्याशी बोलले मी,” शालनबाईंनी सुरुवात केली. “तिला कळलंच नाही गं. तिला वाटलं, तुला नकोच आहे. तिला कळलं असतं तर तिनं दहा वेळा बोलावलं असतं. बिचारी रडली आज.”

“मिर्या चांगली होती,” रसिका म्हणाली.

“चूक माझी आहे. तो नियम माझा होता. पुस्तकात...”

“पान एकोणीस. माहितीय मला.” आवाजात काही धार नव्हती. “तिथे ऑफिसात ती पुस्तिका होती. नोव्हेंबरमध्ये वाचली. खाली आपलं नाव होतं. आधी तर मस्त वाटलं, आपल्या गोडदेवचं नाव इथे. मग कळलं, आता कुणी विचारणार नाही.”

“अगं, मग जाऊन सांगायचंस ना! मिर्याला सांगायचं, मला यायचंय म्हणून.”

रसिकानं त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत पहिल्यांदाच काहीतरी हललं.

“काय म्हणून सांगणार, बाई? मला जेवायला बोलवा, असं? तुम्ही गेला असता?”

शालनबाई गेल्या नसत्या. रसिका दाराच्या चौकटीवरचा निघालेला रंगाचा पोपडा नखानं दाबत होती.

“सुरुवातीला मी दर रविवारी तयार होऊन बसायची,” ती म्हणाली. “अकरा वाजता. केस-बिस करून. म्हटलं, आज विचारतील, मग आज हो म्हणू. तीन वाजता अंधार पडायचा तिकडे. मग कपडे बदलायची. फेब्रुवारीपासून नाही बसली.”

“आणि आम्हाला लिहायचीस, ॲडजस्ट झालं.”

“झालंच ना. त्यानंतर काही वाटायचं बंद झालं. तसं सोपं असतं ते. कुणी कुणाला एकदा विचारतं, दुसरा सांगतो, संपलं. इथे आल्यावर आई सारखी मागे लागते. जेव, जेव, जेव. मला धाप लागते, बाई. वाटतं, आता कशाला? आता मी खरंच नको म्हणतेय.”

शालनबाईंनी तिचा हात धरला. गार होता, एवढ्या उकाड्यातही.

“चल, आज माझ्याकडे जेवायला चल.”

“नको.”

“असं काय करतेस? तुला आवडते ती तांदळाची भाकरी करते.”

“नको, बाई.”

“माझ्यासाठी चल. एकदाच. माझं एवढं ऐक.”

तिसऱ्या खेपेला रसिकानं हात सोडवून घेतला. झटकला नाही. एकेक बोट सावकाश सोडवलं आणि आपला हात पाठीमागे नेला. तिच्या चेहऱ्यावर थकवा होता आणि थोडी भीतीही होती. आयनो ताटावर हात आडवा धरायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावरही हेच असणार. त्या वेळी शालनबाई हसत होत्या, त्यामुळे त्यांनी ते पाहिलं नव्हतं.

“बरं,” त्या म्हणाल्या. “नाही विचारत आता.”

त्यांना रडू येत होतं आणि या पोरीसमोर रडायचा आपल्याला हक्क नाही, असंही वाटत होतं. अंबिकाला काय सांगायचं, हे कळत नव्हतं. त्या वळल्या, ओटीवर आल्या आणि खांबाला धरून चपलेत पाय घालू लागल्या. मागे दार लागल्याचा आवाज आला नाही. त्यांनी मान वळवली. रसिका दोन पावलं बाहेर आली होती. ती खाली बघत होती.

“बाई,” ती म्हणाली. शब्द जुळवायला तिला वेळ लागत होता. “बसता का थोडा वेळ? आत?”

बावीस दिवसांत या खोलीत कुणाला बोलावलं गेलं नव्हतं. शालनबाईंचा चेहरा फुलला, डोळे भरले, आणि चोपन्न वर्षांची जीभ आपसूक वळली.

“नको नको गं. उगाच तुला त्रास. निघते मी.”

म्हणता म्हणता त्यांनी पाय चपलेतून पुन्हा बाहेर काढला होता. पदर सावरला होता. ‘त्रास कसला, बसा हो’ एवढंच यायचं बाकी होतं, आणि त्या हसऱ्या चेहऱ्यानं त्याची वाट बघत होत्या.

रसिकानं मान हलवली.

“बरं,” ती अगदी नम्रपणे म्हणाली. “थँक्यू बाई, आलात.”

ती आत गेली. दार सावकाश लागलं, मग आतून कडी.

शालनबाई अनवाणी तशाच दारापर्यंत गेल्या. कडी वाजवायला त्यांनी हात वर केला. हात तसाच राहिला. बाहेर कुणीतरी बांबूवरचे बोंबील काढून टोपलीत टाकत होतं, त्याचा खडखड आवाज येत होता. थोड्या वेळानं त्यांनी हात खाली घेतला आणि ओटीवर येऊन चपला घातल्या.